काळी, पांढरी आणि परसू

आपल्या मराठी मुलखांत गांवाच्या भूमीचे पूर्वापार दोन भाग मानीत आले आहेत. जिच्यांत पीक निघतें ती ‘काळी’ आणि जिच्यावर घरें उभीं राहतात ती ‘पांढरी’. गांवकीच्या जुन्या कागदांत हे दोन शब्द जोडीनें येतात, आणि एकोणिसाव्या शतकांत मोल्सवर्थनें आपला कोश रचला तेव्हां त्यानेंही ते याच अर्थानें नोंदले. इतिहासाचे विद्यार्थी असतांना आम्हीं हे शब्द पाठ केले होते, आणि पुढें अध्यापक झाल्यावर विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतले होते. परंतु त्यांच्या पोटांत एक साधी गोष्ट दडलेली आहे, ती मात्र पन्नाशी उलटल्यावर, हातांत कुदळ धरावी लागली तेव्हां आमच्या ध्यानांत आली.

ती गोष्ट अशी कीं, पांढरी ही बहुतेक ठिकाणीं मुळांत पांढरी नव्हती. चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, गुरांचें शेण, मोरीचें सांडपाणी, झाडलोटीचा केर हें सारें शेंकडों वर्षें त्या जागेंत मिसळत गेलें, तेव्हां कोठें मूळच्या भूमीचा रंग फिकट झाला आणि तिचा चिकटपणा मोडला. दख्खनच्या पठारावर ओसाड गांवांचीं जीं टेंकाडें आढळतात त्यांसही लोक पांढरीच म्हणतात. संशोधकांस प्राचीन वसाहतींचा माग लागतो तो पुष्कळदां या नांवावरून. शेतकरी मात्र त्या टेंकाडांची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतांत नेत आले. इतिहासाचे पुरावे त्यामुळें नाहींसे झाले खरे, पण त्या मातीची किंमत शेतकऱ्यानें अचूक ओळखली होती हें नाकारतां येत नाहीं.

आतां घरामागचें परसू घ्या. अळवाचा वाफा, केळीचा गड्डा, दोडक्याचा मांडव, चार वांगीं, दोन मिरच्या एवढाच त्याचा विस्तार. हें परसू गांवच्या पांढरींत असे, काळींत नव्हे. आमच्या आजीला, आणि वाचकांपैकीं पुष्कळांच्या आजीला, कच्च्या काळ्या मातींत भाजीपाला करण्याचा प्रसंग कधीं आलाच नाहीं. तिच्या हाताखालीं शेंकडों वर्षें मुरलेली जमीन आयती होती. गेल्या कांहीं दशकांत मात्र शहरें वाढलीं, आणि जीं शेतें बिनशेती झालीं त्यांवर आम्हां मध्यमवर्गीयांच्या वसाहती उभ्या राहिल्या. म्हणजे आपल्या वर्गाचीं घरें प्रथमच मोठ्या संख्येनें काळींत आलीं आहेत. वसाहतीला फुलाचें किंवा देवाचें नांव देतां येतें, फाटकावर दिवेही लावतां येतात. पण भिंतीपलीकडची चिकणमाती तेवढ्यानें पांढरी होत नाहीं.

हें आम्ही अनुभवानें सांगत आहों. शहराबाहेर आम्हीं लहानसें घर बांधलें आणि मागची सहाशें चौरस फुटांची जागा भाजीसाठीं राखली. मृगाचा पाऊस पडला, माती मऊ दिसूं लागली, आणि आम्हीं उत्साहाच्या भरांत ओल्या जमिनींतच खणती सुरू केली. आठ दिवसांनीं ऊन पडलें तेव्हां जीं ढेंकळें तयार झालीं तीं फोडावयास हातोडा लागला. कोणीसें सांगितलें कीं चिकणमातींत वाळू घातली म्हणजे ती हलकी होते. म्हणून आम्हीं नदीची वाळू आणवून मिसळली. तिचा परिणाम असा झाला कीं माती विटेसारखी थापली गेली. मेथी उगवली ती विरळ. मुळे खालीं जाण्याऐवजीं दुफाटून वांकडे झाले. मिरचीचीं कोंवळीं पानें पिवळीं पडलीं, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. श्रावणांत सगळ्या वाफ्यांत पाणी तुंबलें आणि वांग्यांचीं मुळें कुजलीं. घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. फक्त एके दिवशीं जेवतांना आमच्या धाकट्या कन्येनें ताटांतील बाजारच्या भाजीकडे पाहून, ‘ही आपल्या बागेंतली का?’ असें गंभीर मुद्रेनें विचारलें.

आमच्या वसाहतीच्या फाटकाशीं रात्रपाळी करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. ज्या जमिनीवर ही वसाहत उभी आहे तींतला कांहीं भाग पूर्वीं त्यांच्या कुटुंबाचा होता. भाऊहिश्शांत आणि कर्जांत तो गेला. आमची ओली खणती ते रोज येतांजातां पाहत होते. अखेर एकदां न राहवून म्हणाले, “सर, वाफसा आल्याबिगर काळींत पाय घालूं नये. वरीसभर रुसून बसती.” मग त्यांनीं मूठभर माती उचलून दाबली, तिचा गोळा झाला, पण अंगठ्यानें ढकलतांच फुटला नाहीं. “ह्यो फुटला म्हंजे वाफसा,” एवढें बोलून ते कामावर गेले. आम्हांस मोठी लाज वाटली. वाफसा हा शब्द आम्हांस ठाऊक नव्हता असें नाहीं. ओल सरलेली नाहीं पण चिखलही उरलेला नाहीं, मातींत ओलावा व वारा दोन्हीं खेळत आहेत, अशी ती मधली अवस्था. परंतु शब्दाचा अर्थ माहीत असणें आणि तो हातांत उमगणें यांत अंतर आहे. तें अंतर भरून काढण्यासाठीं त्या वर्षीं आम्हीं पुस्तकें आणि माती दोन्हीं नव्यानें चाळलीं.

प्रथम मातीचीच कुळकथा पाहूं. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हारस थरावर थर पसरत गेला. आपला काळा पाषाण तो हाच. तो ऊनपावसानें झिजत जाऊन त्याची माती झाली. या मातीस ‘रेगूर’ म्हणतात तें तेलुगू शब्दावरून. ती वाहून आलेल्या गाळाची कीं जागच्या खडकाची, याविषयीं एकोणिसाव्या शतकांतील भूगर्भशास्त्रज्ञांत बराच वाद झाला होता. काळ्या मातीच्या शंभर भागांत चाळीस ते साठ भाग निव्वळ चिकणकण असतात, आणि असा प्रत्येक कण एका मिलिमीटरच्या पांचशेव्या भागाहूनही बारीक असतो. हे कण पत्र्यांच्या चळतीसारखे असून त्यांच्या फटींत पाणी शिरलें कीं फुगतात, पाणी गेलें कीं आकसतात. म्हणूनच पावसांत ही माती रबडीसारखी होते आणि उन्हाळ्यांत तिला हातभर खोल भेगा पडतात. त्या भेगांत वरची माती ढासळते आणि पुढच्या पावसांत खालची वर ढकलली जाते; यास्तव ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असें म्हणतात, तें खोटें नव्हे.

एक भ्रम मात्र येथेंच दूर केला पाहिजे. काळा रंग पाहून आपण समजतों कीं ही माती कुजलेल्या पाल्यानें समृद्ध आहे. वस्तुतः तींत सेंद्रिय कर्ब बहुधा शंभरांत एक भागही भरत नाहीं. नत्र आणि स्फुरद यांचीही तिला उणीव असते. उलट चुना भरपूर असल्यामुळें ती अल्कधर्मी असते, आणि अशा मातींत लोह असूनही झाडास तें घेतां येत नाहीं. त्यांतून पाणी तुंबलें म्हणजे पानें पिवळीं पडलींच. आमच्या मिरच्यांचें दुखणें तें हेंच. कापूस आणि ज्वारी यांचीं मुळें खोल जाऊन साठलेली ओल शोधतात, म्हणून तीं पिकें या मातीचीं लाडकीं. भाजीपाल्याचीं नाजूक मुळें वरच्या वीतभर थरांत वाढावयाचीं. त्यांना हा हट्टी स्वभाव मानवत नाहीं.

मग आपल्या पूर्वजांनीं भाजी कोठें केली? याचें उत्तर प्राचीन ग्रंथांत आश्चर्यकारक स्पष्टतेनें मिळतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सीताध्यक्षाचें, म्हणजे सरकारी शेतीच्या अधिकाऱ्याचें, प्रकरण आहे. वेलींचीं फळें नदीच्या त्या कांठावर लावावीं जेथें पाण्याचा फेंस आदळतो, आणि पालेभाज्या व कंदमुळें विहिरीच्या आसपास लावावीं, असें तो सांगतो. अर्थात् मुख्य शेताहून भाजीची जागा त्यानें निराळी काढली आहे. आपल्याकडे विहिरीभोंवतीं जो मळा असे, ज्याला जिरायतीहून वेगळी बागायती म्हणत, तो याच विवेकाचा वंशज होय. भीमेच्या खोऱ्यांतील इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून उत्खनन केलें, तेव्हां तीन सहस्र वर्षांपूर्वीं तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनीं जव पिकविण्यासाठीं पाट काढला होता असें आढळून आलें. पाण्याजवळची जमीन निवडून ती माणसाळविण्याचा खटाटोप आपल्या भूमींत इतका जुना आहे.

सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. त्याच्या आरंभींच तो म्हणतो कीं मृदु भूमि सर्व वृक्षांस हितकर. तीत प्रथम तीळ पेरावे, आणि ते फुलावर आले म्हणजे तेथेंच मोडून मातींत तुडवावे. जमिनीचें हें पहिलें कर्म. हा मजकूर आम्हीं विद्यार्थिदशेंत वाचला तेव्हां त्याचें इंगित कळलें नव्हतें. आजचे कृषिपदवीधर ज्यास हिरवळीचें खत म्हणतात तें याहून निराळें काय आहे? कृषिपराशरांत तर उकिरड्याचें पंचांगच दिलें आहे: माघांत शेणाचा ढीग उकरावा, उन्हांत वाळवावा, फाल्गुनांत शेताशेतांतील खड्ड्यांत भरावा आणि पेरणीच्या वेळीं पसरावा. आमच्या महाविद्यालयीन शिक्षणांत व्हर्जिलचें कृषिकाव्य होतें. तोही मातीची परीक्षा शिकवितो. खड्डा खणून तीच माती पुन्हा भरावी. ती कमी पडली तर जमीन हलकी आणि उरली तर जमीन भारी. आम्हीं परसांत हा प्रयोग केला. माती उरली, आणि भरपूर उरली. दोन हजार वर्षांपूर्वींच्या रोमन कवीचा आणि फाटकावरील वृद्धाचा अभिप्राय एकच पडला.

मध्ययुगांत आलों म्हणजे मळ्याचें चित्र अधिक ठसठशीत होतें. तेराव्या शतकांत सोलापूर प्रांतीं अरण गांवीं सांवता माळी होऊन गेले. पंढरी जवळ असतांना वारीस न जातां त्यांनीं आपल्या मळ्यांतील भाजींतच विठ्ठल पाहिला. या भक्तीचें वर्णन आपण नेहमीं करतों, पण मळा राखण्यास रोज लागणारे कष्ट विसरतों. मोट हांकणें, दारें मोडणें, खत वाहणें, खुरपणें हीं कामें एक दिवसही चुकवितां येत नाहींत. मळा सोडून जातां येत नाहीं, ही गोष्ट त्यांच्या भक्तीच्या मुळाशीं आहे असें आम्हांस वाटतें.

त्यानंतर सुमारे दोन शतकांनीं पोर्तुगीज आले आणि त्यांच्या गलबतांतून अमेरिकेचा भाजीपाला आला. ‘बटाटा’ आणि ‘कोबी’ हे शब्द पोर्तुगीज भाषेंतूनच आपल्याकडे आले. मिरचीनें मात्र जुन्या मिऱ्याचें, म्हणजे मरिचाचें, नांव उचललें आणि ती इतकी आपली झाली कीं तिच्यावांचून मराठी स्वयंपाकाची कल्पनाही करवत नाहीं. इंग्रजी अमदानींत फरसबी, फ्लॉवर व टोमॅटो यांची भर पडली. वांगें, पडवळ, दोडका, कारलें हीं घरचीं, बाकीचीं पाहुणीं. या सर्वांना एकाच परसांत नांदविण्याचें काम बायकांनीं आणि माळ्यांनीं कोणत्याही ग्रंथाशिवाय केलें.

आधुनिक काळांत या ज्ञानाला ओहोटी कां लागली? १८८३ सालीं महात्मा जोतीराव फुल्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. डोंगरउतारावरचा पालापाचोळा व गुरांचें मलमूत्र यांचें सत्त्व पावसाबरोबर ओढ्यानाल्यांत वाहून जातें, तें ताली व बंधारे घालून शेतांत मुरवावें, असें त्यांनीं सरकारास बजावलें. पुढें दहा वर्षांनीं, १८९३ सालीं, डॉ. व्होल्करनें हिंदी शेतीवरील आपल्या अहवालांत दाखवून दिलें कीं सरपण मिळत नाहीं म्हणूनच शेतकरी शेण जाळतो, अज्ञानानें नव्हे. जें मातींत जावयाचें तें चुलींत जाऊं लागलें. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनीं १९१७ सालीं पिंपळे सौदागर या गांवाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथें १७७१ सालीं सरासरी धारणा सुमारे ४० एकरांची होती, ती १९१४–१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. त्याच पिंपळे सौदागरांत आज उंचच उंच इमारती उभ्या आहेत. काळीचें तुकडे होणें आणि मग काळीच नाहींशी होणें, या कथेचे दोन्हीं अध्याय एकाच गांवांत वाचावयास मिळतात.

या सर्वांत आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा प्रयोग झाला तो इंदुरास. आल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ सालीं हिंदुस्थानांत आले आणि १९२४ पासून १९३१ पर्यंत होळकरांच्या राजधानींतील वनस्पति-उद्योग संस्थेचे संचालक होते. माळव्याची जमीन आपल्यासारखीच काळी, पावसांत तुंबणारी आणि उन्हांत फाटणारी. तिला कसाची जोड हवी, आणि तो कस शेतांतल्याच टाकाऊ वस्तूंतून निर्माण व्हावा, या विचारानें त्यांनीं ‘इंदूर पद्धति’ सिद्ध केली. काडीकचरा, शेण, गोठ्यांतील मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यावे, ओल राखावी, ढीग तीन वेळां पालटावा, कीं सुमारे तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत, दुर्गंधरहित खत तयार होतें. १९३१ सालीं या विषयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर हॉवर्ड यांच्या नांवाबरोबर यशवंत वाड या त्यांच्या सहकाऱ्याचें नांव आहे. जगभर पसरलेल्या या पद्धतीशीं हें नांव जोडलेलें आहे हें आपणांपैकीं किती जणांस ठाऊक आहे? स्वतः हॉवर्ड यांनीं आपले खरे गुरु म्हणून हिंदी शेतकऱ्यांचा आणि पिकांवरील किडींचाही उल्लेख केला, हा त्यांचा मोठेपणा.

हें खत चिकणमातीचें काय करतें? तें तिला पातळ करीत नाहीं, जशी वाळूकडून आम्हीं खोटी आशा केली होती; तें तिच्या कणांना एकत्र बांधून त्यांचे रवे करतें. रव्यांमधून पाणी निथळतें, वारा फिरतो, आणि मुळांस वाट मिळते. गांवच्या पांढरीला जें घडावयास शतकें लागलीं तेंच येथें कांहीं वर्षांवर येतें.

दुसऱ्या वर्षीं आम्हीं याच मार्गानें गेलों. उन्हाळ्यांत भेगा पडल्या असतांच त्यांत शेणखत व पालापाचोळा भरला. मृगांत ताग पेरला. तो कमरेएवढा होऊन फुलूं लागतांच वराहमिहिराचें स्मरण करून मातींत गाडला आणि महिनाभर कुजूं दिला. पाऊस ओसरल्यावर, वाफसा पाहूनच, साडेतीन फूट रुंद आणि नऊ इंच उंच असे गादीवाफे केले. मध्यें पाणी निथळण्यासाठीं चर ठेवले. आणि वाफ्यावर पाय द्यावयाचा नाहीं असा नियम घरांतील सर्वांस घातला. वर उसाचें पाचट पसरलें, म्हणजे भेगा पडत नाहींत व ओल टिकते. गाजर आणि मुळा यांचा हट्ट सोडून वांगीं, टोमॅटो, गवार, मेथी, पालक लावलीं. पीक मध्यम आलें. तिसऱ्या वर्षीं त्याहून बरें आलें, आणि वाफ्यांत गांडुळें दिसूं लागलीं. कन्येनें पुन्हां तोच प्रश्न विचारला. या खेपेस उत्तर देतांना आम्हांस मान खालीं घालावी लागली नाहीं.

परंतु एक कोडें राहिलें होतें. पहिल्या, सर्वस्वी फसलेल्या वर्षींही नैर्ऋत्येच्या कोपऱ्यांतील चार हात जागेंत वांगीं उत्तम आलीं होतीं. आम्हीं त्याचें श्रेय स्वतःच्या कष्टांस देऊन टाकलें होतें. एके सकाळीं त्या वृद्ध गृहस्थांस आम्हीं वाफे दाखवावयास नेलें. ते त्या कोपऱ्याशीं थांबले, भोंवतीं पाहिलें, कुंपणापलीकडच्या जुन्या निंबावरून अंदाज घेतला आणि म्हणाले, “हितं आमचा उकिरडा व्हता. आज्याच्या वक्तापासून.” त्यांच्या आवाजांत तक्रार नव्हती. थोडा वेळ उभे राहून त्यांनीं पायानें एक ढेंकूळ फोडलें आणि ते निघून गेले.

आमच्या खरेदीखतांत गट क्रमांक आहे, क्षेत्रफळ आहे, चतुःसीमा आहेत, रक्कम अक्षरीं व अंकीं आहे. तो उकिरडा त्यांत नाहीं. तीन पिढ्यांनीं पाट्या वाहून त्या कोपऱ्यांत जें सांठविलें त्याचें मोल कोणीं ठरविलें नाहीं आणि कोणीं दिलेंही नाहीं. तें आम्हांस जमिनीबरोबर फुकट मिळालें, आणि आम्हीं तें आपलें कर्तृत्व समजलों. इतिहासाच्या अध्यापकानें तरी असें करावयास नको होतें. त्या कोपऱ्यांतलीं वांगीं आतां दर हंगामांत प्रथम त्यांच्या घरीं जातात. त्यानें ऋण फिटतें असें आम्ही मानीत नाहीं. म्हणूनच, निदान कोठें तरी नोंद असावी एवढ्या हेतूनें, त्या उकिरड्याचा उल्लेख या पानांत करून ठेवला आहे.